लाज कोणाची, भांडवल कोणाचे?

सकाळच्या वेळी खोपटच्या एस. टी. स्थानकात गाड्यांतून उतरणाऱ्या विद्यार्थिनींचा लोंढा पाहिला, तर महाराष्ट्राने स्त्री-शिक्षणात काय कमावले याची साक्ष वेगळी द्यावी लागत नाही. ज्या घरांतील आज्यांना शाळेची पायरी चढता आली नाही, त्या घरांतील मुली आज ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या महाविद्यालयांत वाणिज्य, विज्ञान आणि संगणकशास्त्र शिकत आहेत. जुलै 2024 मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु मुलीला महाविद्यालयाच्या दारापर्यंत आणून सोडले म्हणजे शासनाचे कर्तव्य संपते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. ज्या मुलीला दाराच्या आत शिक्षण मिळते, तिलाच हातातल्या फोनवर रोज काय सोसावे लागते, हा प्रश्न शुल्कमाफीच्या जाहिरातीत दिसत नाही.

हे सोसणे कशा प्रकारचे असते, हे महाविद्यालयांत वावरणाऱ्या कोणालाही माहीत आहे. तुकडीचा व्हॉट्सॲप गट तयार होतो आणि साठ-सत्तर मुलींचे क्रमांक एका क्षणात सर्वांच्या हाती जातात. अनोळखी क्रमांकांवरून रात्री-अपरात्री संदेश येऊ लागतात. स्नेहसंमेलनातले छायाचित्र उचलून कोणीतरी तिच्या नावाने बनावट इन्स्टाग्राम खाते उघडतो. आता तर संगणकाच्या साहाय्याने कोणाचाही चेहरा कोणत्याही शरीरावर चिकटवता येतो. मुलीने नकार दिला, वादविवाद स्पर्धेत ठामपणे मत मांडले, परधर्मी वा परजातीय मित्राबरोबर ती दिसली, यांपैकी कोणतेही कारण पुरते. मुलगेही यातून सुटत नाहीत. ज्याची बोली, जात वा देहबोली इतरांहून निराळी आहे, त्याची टवाळी गटावर रंगते आणि ती आयुष्यभर पुसली जात नाही.

सल्ल्यांचा सुकाळ

या सर्वांवर प्रस्थापितांकडे एकच औषध आहे : सल्ला. मुलींनी छायाचित्रे टाकू नयेत, अनोळखी व्यक्तीशी बोलू नये, फोन कमी वापरावा. महाविद्यालयात एखादे व्याख्यान ठेवले जाते, पोलीस अधिकारी येतात, पुष्पगुच्छ दिला जातो आणि श्रोत्यांत बसलेल्या मुलींना सावधगिरीचे दहा नियम ऐकवले जातात. छळ करणारा त्याच सभागृहात मागच्या बाकावर बसलेला असतो. त्याला कोणी एक नियमही ऐकवत नाही.

फोन कमी वापरण्याचा सल्ला तर निखालस पोकळ आहे. आज वर्गाची सूचना फोनवर येते. परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र आणि निकालही फोनवरच. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीच्या संकेतस्थळाखेरीज मार्ग नाही. शिक्षणसंस्था आणि शासन यांनी मिळून विद्यार्थ्याला फोन बाळगण्यास भाग पाडले आहे. ज्या रस्त्यावरून जाण्याची सक्ती शासनाने केली, त्या रस्त्यावर दिवे लावण्याची जबाबदारीही शासनाचीच असते. अंधारात बाहेर पडू नका असे सांगून ती झटकता येत नाही.

सल्ल्याच्या या राजकारणात एक जुनी खोड दडलेली आहे. अपराध एकाचा आणि लाज दुसऱ्याची, ही ती खोड. छळ सांगितला तर घरचे प्रथम फोन काढून घेतील आणि नंतर महाविद्यालय सोडवतील, ही भीती असंख्य मुलींना गप्प बसवते. भीती निराधार नाही. मुरबाड-शहापूरकडून रोज दीड-दोन तास प्रवास करून येणाऱ्या मुलीच्या बाबतीत शिक्षण चालू राहणे हेच घरातल्या रोजच्या वाटाघाटींवर अवलंबून असते. एक बदनाम करणारे छायाचित्र त्या वाटाघाटी कायमच्या संपवू शकते. म्हणूनच हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. तो शिक्षणाच्या हक्काचा आहे.

यंत्र नवे, धाक जुना

सर्व दोष मोबाइलच्या माथी मारणाऱ्यांनी थोडा मागचा इतिहास आठवावा. मार्च 1990 मध्ये खोपटपासून फार दूर नसलेल्या उल्हासनगरात, दहावीच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीला एकतर्फी प्रेमातून परीक्षा केंद्रातच जाळून मारण्यात आले. तेव्हा कोणाच्या खिशात फोन नव्हता. 1994 मध्ये जळगावचे प्रकरण उघडकीस आले. तरुण मुलींची छायाचित्रे व चित्रफिती काढून, त्या उघड करण्याचा धाक दाखवून त्यांचे शोषण चालले होते. तेव्हा कॅमेऱ्यात फिल्म घालावी लागे. त्या प्रकरणात बदनामीच्या भीतीने फारच थोड्या जणी तक्रारीसाठी पुढे येऊ शकल्या. राजस्थानातील अजमेरला 1992 मध्ये उघड झालेल्या अशाच प्रकरणात सहा आरोपींना जन्मठेप झाली ती ऑगस्ट 2024 मध्ये, बत्तीस वर्षांनंतर.

आणि सप्टेंबर 2021 मध्ये डोंबिवलीच्या मानपाडा पोलीस ठाण्यात पंधरा वर्षांच्या एका मुलीची तक्रार नोंदली गेली. तक्रारीनुसार, ओळखीच्या तरुणाने काढलेल्या एका चित्रफितीच्या धाकावर जानेवारीपासून तिच्यावर अत्याचार सुरू झाले आणि आरोपींची संख्या तेहेतीसवर गेली. ती मुलगी इतके महिने कोणाशी का बोलली नाही, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. विचारायला हवे होते ते निराळेच : ती बोलली असती तर शाळेत, घरात वा पोलीस ठाण्यात तिचे ऐकून घेणारे कोण होते?

उल्हासनगर, जळगाव, अजमेर आणि डोंबिवली या चार ठिकाणांत तंत्र बदलले, परंतु मुळाशी असलेली सत्ता तीच राहिली. मुलीच्या देहावर आणि नावलौकिकावर तिच्याखेरीज इतर सर्वांचा अधिकार आहे, ही ती सत्ता. चित्रफीत हे धमकावणाऱ्याचे यंत्र आहे. त्याचे खरे भांडवल समाजाने मुलीच्या माथी मारलेली लाज हे आहे. हे भांडवल समाज त्याला बिनव्याजी पुरवतो. ज्या दिवशी घर, महाविद्यालय आणि पोलीस ठाणे मुलीला दोष देण्याचे थांबवतील, त्या दिवशी धमकावणाऱ्याच्या हातातील चित्रफितीची किंमत शून्यावर येईल.

मात्र तंत्राने काहीच बदलले नाही, असेही म्हणता येणार नाही. जळगावच्या गुन्हेगारांना अंधारकोठडी, फिल्म आणि टोळी लागत होती. आज एकट्या तरुणाला एक दुपार पुरते. पूर्वी छायाचित्राची प्रत जाळून टाकता येई. आज ती कोठल्या खंडातील कोणत्या यंत्रात साठवली आहे, हे कोणालाही सांगता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, या प्रसारातून पैसा मिळवणारा एक तिसरा पक्ष आता उभा राहिला आहे.

नफा खाजगी, हानी सार्वजनिक

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे 2024 सालचे उत्पन्न सुमारे 16,450 कोटी डॉलर होते आणि त्यातील जवळजवळ सर्व, म्हणजे सुमारे 98 टक्के, जाहिरातींतून आले होते. निव्वळ नफा 6,236 कोटी डॉलर. हा पैसा कोठून येतो, हे समजून घेतल्याशिवाय छळाचे अर्थशास्त्र समजणार नाही. या कंपन्या विद्यार्थ्याकडून शुल्क घेत नाहीत. त्या त्याचे लक्ष घेतात, त्याच्या सवयी नोंदवतात आणि ते दोन्ही जाहिरातदाराला विकतात. विद्यार्थी येथे ग्राहक नसतो. तो कच्चा माल असतो आणि छायाचित्रे, टिप्पण्या व मित्रांचे जाळे पुरवणारा बिनपगारी मजूरही तोच असतो.

अशा कारखान्यात स्तुतीची टिप्पणी आणि शिवी यांचे मोल एकच. शंभर जणांनी एका मुलीच्या छायाचित्राखाली गरळ ओकली, तर शंभर जण पडद्यापुढे खिळले, एवढाच हिशेबाला अर्थ असतो. ती घाण उपसण्यासाठी माणसे नेमावी लागतात, मराठी, हिंदी, कोकणी समजणारी माणसे नेमावी लागतात आणि त्यांना वेतन द्यावे लागते. तो खर्च नफ्यातून वजा होतो. म्हणून तक्रार यंत्राकडे जाते आणि यंत्राला मराठी शिवीतला डंख कळत नाही. नदीत रसायन सोडणारा कारखानदार आणि ही कंपनी यांच्यात तत्त्वतः भेद नाही. नफा दोघेही घरी नेतात आणि सफाईचा खर्च समाजावर टाकतात. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना हा न्याय नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

या कंपन्यांवर वचक किती आहे? व्हॉट्सॲपने 2021 मध्ये गोपनीयतेचे नवे धोरण वापरकर्त्यांवर लादले, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला 213.14 कोटी रुपयांचा दंड केला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणानेही तो दंड कायम ठेवला. आकडा ऐकायला मोठा वाटतो. कंपनीच्या 2024 च्या नफ्याशी ताडून पाहिला तर तो साडेतीन तासांच्या कमाईएवढा भरतो. इतक्या दंडाला शिक्षा म्हणत नाहीत. ते धंद्याचे भाडे झाले.

कायद्याच्या दोन चाली

आता राज्यसंस्थेकडे वळले पाहिजे. भारतात कायदा नाही, अशी तक्रार कोणी करू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 पासून आहे. खाजगी अवयवांचे चित्रण संमतीवाचून करणे वा पसरवणे हा त्याच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे. स्त्रीचा पाठलाग, त्यात इंटरनेटवरील पाठलागही आला, 2013 पासून गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये तो कायम आहे. अश्लील चित्र तक्रारीनंतर 24 तासांत काढावे, हे 2021 च्या नियमांत लिहिले गेले. प्रश्न कायद्याच्या अभावाचा नाही. कायद्याच्या चालीचा आहे. कायदा येथे दोन चालींनी चालतो : सत्तेचा मान दुखावला की घोड्याच्या आणि विद्यार्थिनीचा दुखावला की गोगलगायीच्या.

18 नोव्हेंबर 2012 रोजी, शिवसेनाप्रमुखांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, पालघरमधील एकवीस वर्षांच्या तरुणीने मुंबई बंद का, एवढाच प्रश्न फेसबुकवर विचारला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. दुसऱ्याच दिवशी दोघींना अटक झाली. जमावाने त्यांपैकी एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. येथे एका दिवसात तक्रार, अटक आणि न्यायालय हे सारे पार पडले. देशभर संताप उसळल्यावर पोलीस अधीक्षकासह दोन अधिकारी निलंबित झाले आणि गुन्हा मागे पडला. ज्या कलम 66अ चा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले. तरीही पुढे अनेक वर्षे पोलीस त्याच मृत कलमाखाली गुन्हे नोंदवीत राहिले आणि जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल धक्का बसल्याचे बोलून दाखवावे लागले.

यात कोणा एका पक्षाला नावे ठेवून भागणार नाही. 2012 मध्ये राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. मे 2022 मध्ये महाविकास आघाडीचे होते. तेव्हा राष्ट्रवादीच्या सर्वोच्च नेत्याविषयीच्या मजकुरावरून नाशिक जिल्ह्यातील औषधनिर्माणशास्त्राचा एक विद्यार्थी आणि ठाणे पोलिसांनी पकडलेली एक मराठी अभिनेत्री, दोघेही महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिले. त्यांची मते गैर आणि भाषा असभ्य होती, असे मानले तरी तुरुंग हे त्याचे उत्तर नव्हते. मे 2025 मध्ये भाजपच्या नेतृत्वाखालील सरकार होते. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या काश्मिरी विद्यार्थिनीने दुसऱ्या कोणाचा तरी मजकूर इन्स्टाग्रामवर पुढे पाठवला. धमक्यांचा वर्षाव सुरू होताच तिने दोन तासांत तो काढून टाकला आणि क्षमाही मागितली. धमक्या देणाऱ्यांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. विद्यार्थिनीला महाविद्यालयाने काढून टाकले आणि पोलिसांनी अटक केली. परीक्षा सुरू असताना ती येरवड्याच्या तुरुंगात होती. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शासन आणि महाविद्यालय या दोघांचीही कानउघाडणी करून तिची सुटका केली. तीन सरकारे, तीन निराळे झेंडे आणि वागणूक एकच.

आता दुसरी चाल पाहावी. जुलै 2021 मध्ये मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे गोळा करून त्यांचा इंटरनेटवर ‘लिलाव’ मांडला गेला. सहा महिने कोणालाही अटक झाली नाही. परिणामी 1 जानेवारी 2022 रोजी तोच प्रकार ‘बुल्ली बाई’ या नावाने पुन्हा झाला. त्या वेळी मुंबई पोलिसांनी तातडीने हालचाल केली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. परंतु पकडले गेलेले कोण होते? अठरा ते एकवीस-बावीस वयाचे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्यांत एक तरुणीही होती. महाविद्यालये छळ सोसणारे घडवतात तसे छळ करणारेही घडवतात, ही गोष्ट शिक्षणसंस्थांनी आजवर मनावर घेतलेली नाही.

सामान्य विद्यार्थिनी ठाण्यात तक्रार घेऊन गेली तर काय होते? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 नुसार या कायद्याखालील तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या पदरात ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर एवढा अफाट पट्टा आहे. खून, दरोडे, बंदोबस्त आणि मंत्र्यांचे दौरे सांभाळणाऱ्या मूठभर निरीक्षकांच्या टेबलावर बनावट खात्याची तक्रार पडली, तर ती कोणत्या क्रमांकावर जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. 1930 या मदतवाहिनीवर पैसे गेल्याची तक्रार तातडीने नोंदवता येते, ही चांगली सोय आहे. परंतु मनःशांती आणि शिक्षण गमावलेल्या मुलीला तेवढ्याच तत्परतेचा क्रमांक नाही.

खाजगीपणा : कोणाचा ढाल, कोणाचा व्यापार

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर जेमतेम पाच-सहा महिन्यांनी, 2018 च्या आरंभी, ठाणे पोलिसांच्याच गुन्हे शाखेने एक व्यापार उघडकीस आणला. नागरिकांच्या दूरध्वनीच्या नोंदी, कोणी कोणाशी केव्हा आणि कोठून बोलले याचा तपशील, खाजगी गुप्तहेरांमार्फत बेकायदा विकला जात होता. दिल्लीत जो हक्क मूलभूत ठरला, तो ठाण्याच्या बाजारात मालासारखा मिळत होता.

पुढे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम निघाले. कायद्याच्या नावावर भाळण्याआधी त्याचा हिशेब वाचला पाहिजे. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्या कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होईल. ज्या विद्यार्थिनीचा क्रमांक, पत्ता आणि छायाचित्र फुटले, तिला या कायद्यातून एक रुपयाही भरपाई नाही. एवढेच नव्हे, जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाई मागण्याचा जो मार्ग कलम 43अ मध्ये होता, तोही वगळण्याची तरतूद या कायद्यात आहे. उलट तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरली तर तक्रारदाराला मात्र दहा हजार रुपयांपर्यंत दंड. शासनाला आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्यातून सूट देण्याची मुभा आहे. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8 मध्ये बदल करून, ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून माहिती नाकारण्याचा मोकळा परवाना अधिकाऱ्यांच्या हाती दिला. पूर्वी व्यापक जनहित दाखवले तर अशी माहिती द्यावी, असे त्या पोटकलमातच म्हटले होते. खाजगीपणाच्या नावाने सत्ताधाऱ्याला ढाल मिळाली. विद्यार्थिनीचा खाजगीपणा पूर्वीसारखाच उघड्यावर राहिला.

फाशीची भाषा आणि कामाची भाषा

अशा वेळी कडक शिक्षेची आरोळी ठोकणे सोपे असते. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर 2021 मध्ये शक्ती विधेयक मंजूर केले. त्यात फाशीची तरतूद होती आणि समाजमाध्यमांवरून स्त्रियांचा छळ करण्याबद्दल वेगळे कलमही होते. विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. ती मिळाली असती तरी निरीक्षकांची संख्या वाढली नसती, तपासाचे प्रशिक्षण झाले नसते आणि महाविद्यालयाची समिती जागी झाली नसती. शिक्षेची कठोरता हा शिक्षेच्या खात्रीला पर्याय होत नाही. शिवाय नवे कठोर कलम हाती आले की त्याचा पहिला वापर कोणावर होतो, हे पालघरने आणि पुण्याने दाखवून दिले आहे.

म्हणूनच येथे एक भेद निक्षून सांगितला पाहिजे. सत्तेवर टीका करणारे, बोचणारे, अगदी मूर्खपणाचे मतही मोकळे राहिले पाहिजे. एका व्यक्तीला लक्ष्य करून तिचे चित्र, पत्ता, नाव यांचा धाक घालणे ही मतप्रदर्शनाची बाब नाही, ती हिंसा आहे. हा भेद पुसट ठेवण्यात सत्ताधाऱ्यांचा आणि कंपन्यांचा, दोघांचाही लाभ आहे. पहिल्यांना टीकाकार गप्प करता येतो आणि दुसऱ्यांना स्वातंत्र्याच्या नावाखाली धंदा चालू ठेवता येतो.

काम कोठून सुरू करता येईल? कायद्याने आधीच दिलेल्या एका हक्कापासून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात त्या समितीवर लोकशाही पद्धतीने निवडून आलेले तीन विद्यार्थी असले पाहिजेत. निवडून आलेले, हा शब्द महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांचे दार पुन्हा उघडले, पण निवडणुका पुढे ढकलल्या जात राहिल्या. जेथे विद्यार्थ्यांना निवडून येण्याचीच बंदी, तेथे समितीवर प्राचार्यांच्या मर्जीतले चेहरे बसतात आणि समिती कागदावर राहते. विद्यार्थ्यांचा आवाज बंद केला की छळाचा आवाज वाढतो, असा हा संबंध आहे. जुलै 2025 मध्ये आयोगाने कनिष्ठ विद्यार्थ्यांना त्रास देणारे व्हॉट्सॲप गट हेही रॅगिंगच मानावे, असे बजावले. मुंबईच्या नायर रुग्णालयातील आदिवासी निवासी डॉक्टर पायल तडवी हिचा मे 2019 मध्ये अंत झाला, तेव्हाच्या आरोपांत गटावरील टवाळीही होती. परिपत्रक निघायला सहा वर्षे लागली. ते अंमलात यायला आणखी सहा वर्षे लागू नयेत, हे पाहणे विद्यार्थी संघटनांचे काम आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील प्रत्येक महाविद्यालयापुढे काही मागण्या ठामपणे ठेवता येतील. अंतर्गत समितीवरील तीन विद्यार्थ्यांची निवडणूक याच शैक्षणिक वर्षात घ्यावी. छळ आवाराबाहेर, फोनवर झाला म्हणून तक्रार नाकारू नये. वर्षभरात तक्रारी किती आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे नावे वगळून फलकावर लावावे. विद्यार्थ्यांचे क्रमांक, जात-प्रवर्ग आणि पत्ते असलेल्या याद्या गटांवर टाकणे तत्काळ थांबवावे. वर्गाचा गट असा असावा की ज्यात सूचना पोचेल, पण कोणाचा क्रमांक कोणाला दिसणार नाही. यासाठी पैसा लागत नाही, इच्छा लागते.

पोलिसांकडे मागणी अशी की, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची जी सोय दिली आहे, ती विद्यार्थिनीला परतवून लावून निरर्थक करू नये. अशा तपासासाठी प्रशिक्षित अधिकाऱ्यांची संख्या वाढवावी आणि तपास करणाऱ्या स्त्री-अधिकाऱ्यांना बंदोबस्ताला जुंपू नये. केंद्र शासनाकडे मागणी अशी की, पीडित व्यक्तीला भरपाईचा हक्क द्यावा, तक्रारदारावरील दहा हजारांचा दंड रद्द करावा आणि माहिती अधिकारावरची कुऱ्हाड मागे घ्यावी. कंपन्यांकडे मागणी अशी की, मराठी जाणणारी, पगारी, उत्तरदायी माणसे तक्रारींसाठी नेमावीत आणि त्या कामाचा अहवाल दरवर्षी जाहीर करावा. कायद्याच्या कलम 79 ने त्यांना जे संरक्षण दिले आहे, ते या कर्तव्याच्या पूर्ततेवर अवलंबून ठेवावे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची खाती नाकारली. बंदी योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकतो. पण तेथील कायद्याने दंड, तोही 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, कंपनीवर ठेवला आहे, मुलांवर वा पालकांवर नाही, एवढे तरी भारतीय राज्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

शेवटी पुरुष विद्यार्थ्यांविषयी. त्यांतील बहुसंख्य छळ करत नाहीत. ते पाहतात, हसतात, पुढे पाठवतात आणि गप्प राहतात. गटावर एखाद्या मुलीचे चित्र येते तेव्हा साठ जणांपैकी एकाने जरी ‘हे काढ’ असे लिहिले, तरी त्या चित्राचे बळ अर्धे होते. दहा जणांनी लिहिले तर ते चित्र पसरत नाही. कंपनीला हे परवडणारे नाही आणि म्हणूनच ते करण्याजोगे आहे. कामगाराने एकट्याने मालकापुढे उभे राहायचे नसते, हे या जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्याने पूर्वी शिकवले आहे. एकट्या विद्यार्थिनीनेही छळणाऱ्यापुढे, ठाण्यापुढे आणि कंपनीपुढे एकटीने उभे राहायचे नसते. तिच्याबरोबर वर्ग उभा राहिला पाहिजे.

उद्या सकाळीही खोपटच्या स्थानकात गाड्या येतील आणि मुली उतरतील. त्यांच्यातली एखादी कमी झाली, तर ती का आली नाही हे तिच्या वर्गाने विचारले पाहिजे. आणि फोनवरच्या एखाद्या चित्राने तिची वाट अडवली असेल, तर शरमेने मान खाली घालण्याची पाळी तिची नाही, हे वर्गाने तिच्या घरी जाऊन सांगितले पाहिजे.